चूक कोणाची आणि मागे उरलं कोण?

मोटारसायकलचा अपघात झाला की गर्दी जमायला दोन मिनिटं लागतात आणि निकाल लागायला तिसरं. "ट्रकवाल्याचीच चूक." "पोरगं लई सुसाट होतं." "ट्रॉलीला मागं लाल दिवाच नाही." मग कोणीतरी गाडी बाजूला ओढतं, कोणीतरी उडालेली चप्पल उचलून ठेवतं, रुग्णवाहिका निघून जाते आणि रस्ता मोकळा होतो. रस्त्यापुरतं प्रकरण संपलं.

घरापुरतं ते तेव्हा सुरू होतं. कमावता माणूस गेला किंवा पाय गमावून खाटेवर पडला, तर घर कशावर चालायचं? सोसायटीचं कर्ज कोण फेडणार? मुलांची फी कोण भरणार?

गर्दी विचारते, "चूक कोणाची?" घर विचारतं, "आता आमचं काय?" या दोन प्रश्नांमधलं अंतर कापायला कायद्याला जवळजवळ दोनशे वर्षं लागली आणि तो अजूनही पूर्ण पोचलेला नाही. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातला (कागदावर अहिल्यानगर, बहुतेकांच्या तोंडी अजून नगरच) प्रत्येक अपघाताचा दावा याच अंतरात कुठेतरी अडकतो किंवा सुटतो. म्हणून ही गोष्ट पहिल्यापासून सांगायला हवी.

माणूस मेला की दावाही मेला

१८०८ साली इंग्लंडमध्ये एका नवरा-बायकोची घोडागाडी उलटली. बायको जबर जखमी झाली आणि महिन्याभरात गेली. नवऱ्याने गाडीच्या मालकांवर दावा लावला. न्यायाधीश लॉर्ड एलेनबरो यांनी सांगितलं की बायको जिवंत असेपर्यंत तिच्या सहवासाला मुकल्याबद्दल भरपाई मिळेल, ती मेल्यानंतरची मिळणार नाही. माणसाचा मृत्यू ही दिवाणी न्यायालयात मागण्याजोगी हानीच नव्हे, असं ते तत्त्व होतं.

याचा अर्थ विचित्र निघत होता. एखाद्याचा पाय मोडला तर पैसे द्यावे लागत. तो जागीच मेला तर नाही. म्हणजे गाडीमालकाच्या खिशाच्या दृष्टीने जखमीपेक्षा मेलेला स्वस्त.

त्याच काळात इंग्लंडमध्ये आणखी एक मध्ययुगीन प्रथा शिल्लक होती. ज्या वस्तूने माणूस मेला, ती वस्तू किंवा तिची किंमत राजाकडे जमा व्हायची. बैल असो, गाडीचं चाक असो. १८४१ मध्ये सॉनिंग इथे रेल्वेचा मोठा अपघात झाला तेव्हा पंचांनी इंजिन आणि डब्यांवर १००० पौंडांचा आकार लावला. रेल्वे कंपन्या हादरल्या. १८४६ मध्ये ब्रिटिश संसदेने ही प्रथा रद्द केली आणि त्याच वर्षी मृताच्या जवळच्या नातलगांना दावा करण्याचा हक्क देणारा कायदा केला.

तोच हक्क ९ वर्षांनी भारतात आला. मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ मध्ये धावली आणि १८५५ मध्ये आपल्याकडे प्राणांतिक अपघात कायदा झाला. दुसऱ्याच्या निष्काळजीपणामुळे माणूस मेला तर त्याची बायको, नवरा, आईवडील आणि मुलं यांच्यासाठी दावा करता येऊ लागला. यादीत भाऊ नव्हता, बहीण नव्हती. आणि अट एकच होती: समोरच्याची चूक सिद्ध करा.

एसटी, लूना आणि नगरचा रस्ता

चुकीची ही अट बैलगाडीच्या रस्त्यावर फारशी टोचत नव्हती. रस्ता बदलला आणि ती टोचायला लागली.

हा बदल नगरने अगदी समोरून पाहिला आहे. १ जून १९४८ रोजी राज्यातली पहिली एसटी धावली ती पुणे ते नगर. लोणीजवळ प्रवरा सहकारी साखर कारखान्याची धुराडी १९५० च्या सुमारास पेटली, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या त्या प्रयोगामागून जिल्हाभर कारखाने उभे राहिले आणि हिवाळाभर रस्ते उसाच्या गाड्यांनी भरू लागले. १९७० च्या दशकात हस्तिमल फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लूना आणली. नगरचे नामांकित वकील आणि मुंबई विधानसभेचे अध्यक्ष राहिलेले कुंदनमल फिरोदिया हे त्यांचे वडील. दौंड रस्त्यावरच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या त्या ५० सीसीच्या गाडीने शिक्षक, ग्रामसेवक, पोस्टमन आणि दूधवाले यांना सायकलवरून उतरवून इंजिनावर बसवलं. लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई ही संस्थाही नगरचीच. रस्त्यावर आणण्याआधी वाहनांची चाचणी करणाऱ्या ज्या संस्था केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये नावानिशी दिल्या आहेत, त्यांत ती आहे.

थोडक्यात, गाडी बनवणं, गाडी तपासणं, गाडीतून प्रवासी नेणं हे सगळं या शहराने आधी पाहिलं. आणि त्याच रस्त्यावर एसटी, ट्रक, टायरगाडी, ट्रॅक्टर-ट्रॉली यांच्यामधून वाट काढणारा दुचाकीवाला आला. त्याच्याभोवती पत्रा नाही. टक्कर कोणाशीही होवो, जास्त लागतं ते त्यालाच. आणि लागलेल्यानेच समोरच्याची चूक सिद्ध करायची होती.

स्टँपचे पैसे कुठून आणायचे?

पहिली अडचण साधी होती. ट्रकचालकाकडून लाखभर रुपये वसूल होणार कसे? त्याच्याकडे असतात कुठे? म्हणून १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा केला आणि १ जुलै १९४६ पासून ती सक्ती अमलात आली. आज आपण ज्याला 'थर्ड पार्टी' म्हणतो तो हाच. पोलिसाने अडवल्यावर दाखवायचा कागद अशी त्याची ओळख झाली आहे. मुळात तो तुमच्या गाडीसाठी नाहीच. तुमच्यामुळे ज्याचं नुकसान होईल, त्याच्यासाठी आहे.

दुसरी अडचण न्यायालयाच्या दाराशी होती. दिवाणी दावा लावायचा तर मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी स्टँप लावावा लागायचा. नवरा गेलेल्या बाईने हे पैसे आणायचे कुठून? १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणं आणली. स्वतंत्र मंच, सोपा अर्ज, कमी खर्च. आज नगरचं जिल्हा न्यायालय आणि संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव इथली अतिरिक्त जिल्हा न्यायालयं हे काम करतात आणि अपील छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जातं.

दार उघडलं, पण दाराला वेळेचं कुलूप लावलं. १९५६ मध्ये अर्जाची मुदत होती अवघे ६० दिवस. पुढे ती ६ महिने झाली, १९९४ मध्ये मुदतच काढून टाकली आणि २०१९ च्या दुरुस्तीने पुन्हा ६ महिने आणली. या मुदतीच्या वैधतेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेलेला आहे. पण स्वतःचा दावा असेल तर त्या निकालाची वाट पाहत बसू नये.

१९७७: एकाच वर्षी दोन निकाल

न्यायाधिकरणं आली तरी मूळ प्रश्न तसाच होता. चूक सिद्ध झालीच पाहिजे का?

मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात धाडसी भूमिका घेतली होती. वाहनाच्या वापरातून माणसाला इजा झाली एवढं दिसलं की पुरे, चूक शोधत बसायला नको, असा तिचा रोख होता. जानेवारी १९७७ मध्ये 'मिनू मेहता' नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती खोडून काढली. सध्याच्या कायद्यात निष्काळजीपणा सिद्ध करावाच लागेल, नाही तर मालकावर किंवा विमा कंपनीवर जबाबदारी येत नाही, असं न्यायालयाने बजावलं.

दोनच महिन्यांनी, मार्च १९७७ मध्ये, दुसरा निकाल आला. अपघात डिसेंबर १९६० चा. नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघालेली एका जिनिंग-प्रेसिंग कंपनीची मोटार रस्ता सोडून उजव्या बाजूच्या झाडावर आदळली. गाडी कंपनीचा व्यवस्थापक चालवत होता. सोबत बसलेला माणूस मेला. त्याच्या विधवेने दावा केला. न्यायाधिकरणाने सुमारे ३१ हजार रुपये दिले, उच्च न्यायालयाने ते काढून घेतले, सर्वोच्च न्यायालयाने परत दिले. न्यायालयाचं म्हणणं सरळ होतं. नीट चालवलेली गाडी रस्ता सोडून झाडावर जात नाही. अशा वेळी घटनाच स्वतः बोलते. चूक नव्हती हे दाखवायचं काम मग गाडीवाल्याचं.

म्हणजे एका निकालाने दार लोटलं आणि दुसऱ्याने फट ठेवली. साक्षीदार नसला तरी गाडी कुठे थांबली, ब्रेकच्या खुणा कुठे उमटल्या, काचा कुठे सांडल्या, या गोष्टी साक्ष देऊ शकतात. पण त्या विधवेला हे कळायला १६ वर्षं लागली.

सर्वोच्च न्यायालयातही अस्वस्थता होती. १९८१ च्या एका निकालात सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी चुकीवर न अडणाऱ्या भरपाईचा गंभीरपणे विचार करायची वेळ आली आहे, असं सुचवलं. संसदेने १९८२ मध्ये ते अर्धंमुर्धं ऐकलं. चूक न पाहता मृत्यूसाठी १५,००० आणि कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपये. पुढे हे आकडे २५,००० आणि १२,०००, मग १९९४ मध्ये ५०,००० आणि २५,००० झाले. रक्कम तुटपुंजी, पण कायद्याने पहिल्यांदाच घराचा प्रश्न आधी विचारला होता.

मृताच्या नातलगांची यादीही याच काळात रुंदावली. १४ वर्षांच्या एका मुलाच्या मृत्यूबद्दल त्याच्या भावांनी केलेला दावा १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. १८५५ च्या यादीत नसलेला भाऊ १३२ वर्षांनी आत आला.

कवठ्याचा टँकर

चुकीशिवायची भरपाई आली तरी विमा कंपनीपाशी आणखी एक पळवाट होती: हा अपघात वाहनाच्या 'वापरातून' झालाच नाही, असं म्हणणं. ती बंद झाली सातारा जिल्ह्यात.

२९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे पुणे-बंगळूर महामार्गावर कवठे गावाजवळ पेट्रोलचा टँकर आणि ट्रक यांची टक्कर झाली. टँकर रस्त्याच्या बाजूला उलटला, पेट्रोल गळू लागलं. जवळपासची माणसं तिथे जमली. सुमारे चार तासांनी स्फोट झाला आणि जमलेल्यांपैकी अनेक जण भाजले. त्यात एक तरुण गेला.

विमा कंपनी आणि मालकाचा युक्तिवाद होता की टँकर उलटून चार तास झाले होते, तो चालत नव्हता, मग 'वापर' कसला? न्यायाधिकरणाने हे मानलंही. मुंबई उच्च न्यायालयाने मानलं नाही आणि जुलै १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नाही. टक्कर, गळती आणि स्फोट ही एकच साखळी आहे. बंद पडलेलं, उलटलेलं, रस्त्याकडेला उभं असलेलं वाहनही वापरात असू शकतं.

उसाच्या हंगामात नगरच्या कुठल्याही रस्त्यावरून रात्री गेलेल्याला हा निकाल आपल्या किती जवळचा आहे हे लगेच कळेल. टायर फुटून रस्त्यात उभी राहिलेली ट्रॉली हा त्याच निकालाचा विषय आहे.

माणसाचा हिशेब

भरपाई ठरते कशी? अनेकांना वाटतं, न्यायाधीशांच्या मनावर. पूर्वी बरंच तसं होतं. एकाच वयाच्या, एकाच कमाईच्या दोन माणसांच्या घरांना दोन ठिकाणी अगदी वेगळी रक्कम मिळायची. १९९४ मध्ये कायद्यातच एक तक्ता घातला, पण त्यात इतक्या आकडेमोडीच्या चुका होत्या की १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या नोंदवल्या. अखेर २००९ च्या 'सरला वर्मा' आणि २०१७ च्या 'प्रणय सेठी' या निकालांनी हिशेबाची रीत पक्की केली.

एक उदाहरण धरू. २८ वर्षांचा तरुण. थोडी शेती, चार गाई. महिन्याची कमाई १२,००० सिद्ध झाली. घरात बायको, मूल आणि आई.

चाळिशीच्या आतला आणि स्वतःचा धंदा असलेला, म्हणून पुढच्या वाढीपोटी ४० टक्के जोडायचे: महिना १६,८००. वर्षाचे २,०१,६००. अवलंबून असणारी तीन माणसं, म्हणून तो स्वतःवर खर्च करायचा तो एकतृतीयांश वजा: १,३४,४००. वय २६ ते ३० च्या गटात, म्हणून गुणक १७. एकूण २२,८४,८००. त्यात सहवास गमावल्याबद्दल, अंत्यविधीसाठी आणि मालमत्तेच्या हानीबद्दल ठरावीक रकमा.

हिशेबातला सगळ्यात नाजूक आकडा पहिला आहे: १२,०००. तो सिद्ध करायचा कशाने? पगारपत्रक असणारे थोडे. शेतकऱ्याच्या घरी असतं ते डेअरीचं दुधाचं बिल, कारखान्याचं उसाचं बिल, बाजार समितीतली कांद्याची पट्टी, पासबुकातल्या नोंदी. हे कागद नसले तर न्यायाधिकरण मजुरीच्या अंदाजाने आकडा धरतं आणि तो बहुधा कमीच असतो.

घरात राबणाऱ्या बाईचा आकडा तर जास्तच अवघड. १९९४ च्या तक्त्यात न कमावत्या पत्नीचं उत्पन्न नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एकतृतीयांश धरायचं होतं. पहाटे गोठा, मग स्वयंपाक, मग खुरपणी, याची किंमत नवऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी! सर्वोच्च न्यायालयाने २००१, २०१० आणि २०२१ च्या निकालांतून ही नजर बदलत नेली. गृहिणीचं काम हे काम आहे, त्याला मोल आहे आणि भविष्यातली वाढही तिच्या हिशेबात धरायची, इथपर्यंत आता कायदा आला आहे.

पंचनाम्यातली एक ओळ

आता त्याच तरुणाकडे परत येऊ. समजा तो रात्री उभ्या ट्रॉलीवर मागून आदळला. पंचनाम्यात लिहिलं: "मोटारसायकलस्वाराने भरधाव वेगात येऊन उभ्या ट्रॉलीस पाठीमागून धडक दिली." ट्रॉलीला मागे लाल परावर्तक होता का, दिवा होता का, ती डांबरावर होती की साइडपट्टीवर, याबद्दल अक्षरही नाही.

या ओळीच्या आधारे निम्मी चूक त्याची धरली गेली, तर २२,८४,८०० मधले ११,४२,४०० गेले. पूर्ण चूक त्याची धरली तर सगळेच. ओळ लिहायला अर्धा मिनिट लागला असेल.

वाहनाला परावर्तक लावणं हा नियम आहे, ट्रॉलीलाही तो लागू आहे. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं. हमरस्त्यावर दिव्याशिवाय, कुठलीही खूण न ठेवता उभ्या केलेल्या ट्रकवर मोटार आदळली होती. खालच्या न्यायालयांनी निम्मा दोष मोटारचालकावर टाकला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो पुसला आणि सगळी जबाबदारी ट्रकवर ठेवली. मागून धडकला तोच चुकला, ही गर्दीची समजूत कायद्याची नाही.

आणखी दोन समजुती इथेच मोडून टाकू. पहिली: फौजदारी खटल्यात चालक सुटला म्हणजे भरपाई गेली. तसं नाही. फौजदारीत संशयापलीकडचा पुरावा लागतो. दाव्यात कोणती बाजू अधिक संभवनीय आहे एवढंच पाहतात. १९८० पासून हे स्पष्ट आहे आणि २०१९ मध्ये एका मोटारसायकल-बस अपघाताच्या निकालात ते पुन्हा सांगितलं गेलं. दुसरी: ट्रिपल सीट होते म्हणजे काही मिळणार नाही. २०२० च्या निकालानुसार तिघं बसणं हा नियमभंग आहे, त्याचा दंड होईल. पण तिघं बसल्यामुळेच अपघात झाला किंवा इजा वाढली असं दिसलं, तरच भरपाई कमी होते.

दुसऱ्याच्या गाडीवर, मागच्या सीटवर

इथवरची गोष्ट ऐकून वाटेल की कायदा हळूहळू का होईना घराच्या बाजूला आला. पण दोन माणसं अजून उंबऱ्यावर उभी आहेत.

पहिला, दुसऱ्याची गाडी घेऊन गेलेला. गावात हे रोजचं आहे. "भाऊ, जरा चावी दे, तालुक्याला जाऊन येतो." साडीमुळे आपल्याला माहीत असलेल्या इलकलजवळच्या एका प्रकरणात नेमकं हेच घडलं होतं. एक माणूस मित्राची मोटारसायकल घेऊन आपल्या गावी निघाला होता. पुढे लोखंडी पत्रे नेणारी बैलगाडी अचानक थांबली. तो तिच्यावर आदळला आणि दवाखान्यात नेताना वाटेतच गेला. बैलगाडीला विमा नसतो. घरच्यांनी मोटारसायकलच्या विमा कंपनीकडे चुकीचा प्रश्न न येणाऱ्या कलमाखाली मागणी केली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गाडी मागून नेणारा मालकाच्याच जागी उभा राहतो आणि मालक स्वतःच स्वतःला भरपाई देणार कशी? त्या कलमाखालचा दावा बसला नाही. दुसऱ्या कलमाखाली विचार करण्यासाठी प्रकरण उच्च न्यायालयाकडे परत गेलं. 'थर्ड पार्टी' या शब्दातच याचं उत्तर आहे. चालवणारा तिसरा नसतो.

मालकासाठी 'वैयक्तिक अपघात' विमा असतो. दुचाकीसाठी तो पूर्वी १ लाखाचा होता, २०१८ पासून १५ लाखांचा आहे. पण तो मिळतो मालक स्वतः चालवत असेल आणि त्याच्याकडे वैध परवाना असेल तरच. भाऊ चालवत असेल तर हा विमा लागू होत नाही.

दुसरी व्यक्ती मागच्या सीटवरची. बाजाराला, माहेराला, दवाखान्यात निघालेली बाई. २००६ च्या निकालानुसार दुचाकीच्या नुसत्या सक्तीच्या विम्यात मागे फुकट बसलेली व्यक्ती येत नाही. पॅकेज पॉलिसी असेल तर येते. टक्कर देणाऱ्या दुसऱ्या वाहनाची चूक असेल तर तिथून भरपाई मिळतेच. पण नवऱ्याचीच गाडी घसरून ती पडली आणि पॉलिसी फक्त थर्ड पार्टीची असेल, तर विमा कंपनी हात वर करते. दोन पॉलिसींमधला फरक हप्ता भरताना कोणी समजावून सांगत नाही.

गाडी खड्ड्यामुळे पडली असेल तर? नगर-मनमाड रस्त्याने वर्षानुवर्षं जाणाऱ्यांना हा प्रश्न नवा नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि दुखापतीसाठी ५०,००० ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. रस्ता सांभाळणारी यंत्रणाही 'चूक कोणाची' या प्रश्नाच्या उत्तरात असू शकते, हे इतक्या स्पष्ट आकड्यांत सांगितलं गेलं.

आज हातात काय आहे

२०१९ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२२ पासून भरपाईच्या बाबतीत लागू झाली. चूक न पाहता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख. मात्र विमा कंपनीशी तडजोडीत ही रक्कम स्वीकारली तर न्यायाधिकरणातला मोठा दावा संपतो. वर काढलेला २२ लाखांचा हिशेब आठवा आणि मगच सही करा. घाईच्या दिवसांत, डोळ्यांत पाणी असताना, ५ लाख फार मोठे वाटतात.

धडक देऊन वाहन पळून गेलं आणि सापडलंच नाही, तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० मिळतात. अर्ज तहसीलदार किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला पहिले ७ दिवस दीड लाखापर्यंत विनारोकड उपचारांची योजना आहे. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला पोलिसांनी नाव सांगायची किंवा साक्षीला यायची सक्ती करू नये, हेही आता कायद्यात आहे.

पोलिसांनी ४८ तासांत पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो. त्या अहवालालाच दाव्याचा अर्ज मानता येतो. दावा अपघात झाला तिथेच लावायला हवा, असंही नाही. तुम्ही राहता तिथे लावता येतो. पाथर्डी-शेवगावचं ऊसतोडणीला दूर गेलेलं कुटुंब नगरमध्ये दावा लावू शकतं.

एवढं सगळं कागदावर आहे. तरी दाव्याचा पाया अजूनही त्या पहिल्या तासात घातला जातो, जेव्हा घरचं कोणी तिथे नसतं. तिथे असते ती गर्दी. नागपूर-पांढुर्णा रस्त्यावरच्या त्या विधवेकडे साक्षीला एक झाड होतं. आज गर्दीतल्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि तो बहुतेकदा जखमीच्या चेहऱ्याकडे वळतो.

आधी रुग्णवाहिका बोलवा. मग कॅमेरा ट्रॉलीच्या मागच्या बाजूकडे वळवा. परावर्तक आहे की नाही, नंबर काय आहे, चाकं डांबरावर आहेत की खाली, ब्रेकच्या खुणा कुठवर आल्या आहेत, खड्डा केवढा आहे. वाहनं हलवण्याआधी चार फोटो आणि आपला फोन नंबर घरच्यांना द्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची गरज नाही. सहा महिन्यांनी न्यायाधिकरणात त्या चार फोटोंवरून एका घराचे ११ लाख ठरू शकतात.